न झालेल्या सत्काराची बातमी

आमच्या मंडळाच्या वार्तापत्रात सतरंज्या उचलणाऱ्यांची नावं छापून येत. प्रमुख पाहुण्यांचं नाव शेवटच्या ओळीत, आणि तेही पाहुणे कार्यक्रम संपेपर्यंत बसले असतील तरच. नवीन पनवेलात तेव्हा प्रत्येक सेक्टरला एक तरी मंडळ होतं, काहींची स्वतःची मासिकंही होती. पण असं वार्तापत्र दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, हे मी आज एकोणऐंशीव्या वर्षीही छाती पुढे काढून सांगतो. ज्यांनी ते सहा वर्षं चालवलं, त्यांना शेवटी एका खोट्या बातमीपायी ते सोडावं लागलं. ती बातमी त्यांनी लिहिली नव्हती. ती कोणी लिहिली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कारण ती मी लिहिली होती. मी तेव्हा मंडळाचा सचिव होतो.

पण आधी ते कसे होते ते सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

आम्ही त्यांना नाखवा म्हणायचो. नाखवा म्हणजे होडीचा मालक. ते उरणच्या कोळीवाड्यातले, म्हणून कोणीतरी हे नाव चिकटवलं, थोडं प्रेमाने आणि थोडं चेष्टेने. प्रत्यक्षात त्यांच्या मालकीची होडी कधीच नव्हती. "होडी बापाची व्हती. माजी नुसती वही," असं ते म्हणायचे. ते बंदरात टॅली क्लार्क होते. जहाजातून माल उतरत असताना धक्क्यावर उभं राहून नग मोजायचे आणि वहीत मांडायचे, हे त्यांचं काम. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पस्तीस वर्षं त्यांनी उन्हात उभं राहून हेच केलं. निवृत्त झाल्यावर ते मुलाजवळ राहायला नवीन पनवेलात आले आणि आठवड्याभरात आमच्या वाचनालयात.

वाचनालयाच्या दारात फळा होता. त्यावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'कालच्या व्याख्यानास श्रोत्यांनी अलोट गर्दी केली.' नाखवा फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग आत आले.

"सेक्रेटरीसाहेब तुमीच काय?"

"हो."

"अलोट म्हंजी किती?"

मी हसून म्हटलं, "अहो, तशी लिहायची पद्धत असते."

"काल मी मागं बसलो व्हतो. बावीस मानसं व्हती. त्यातली दोन चुकून आलेली."

"चुकून?"

"तेना वाटलं इतं पोलिओचा डोस हाय. पोरगं घेऊन आली व्हती. उठून जायाची लाज वाटली म्हनून बसली."

आमचे अध्यक्ष तिथेच पेपर वाचत बसले होते. ते निवृत्त इंजिनिअर. त्यांना गंमत वाटली. ते म्हणाले, "मग नाखवा, तुम्हीच लिहा की आमचं वार्तापत्र." अध्यक्ष हे हसत म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता नाखवा जाड पुठ्ठ्याची लांबट वही घेऊन हजर. वहीला जाळं विणायच्या सुताने पेन्सिल बांधलेली.

त्यांची बसायची जागा ठरलेली. सभागृहाच्या शेवटच्या खांबाला टेकून, दार आणि मंच दोन्ही दिसतील अशी. येणारा माणूस आला की रेघ, गेला की दुसऱ्या बाजूला रेघ. महिन्याच्या अंकात बातमी यायची ती अशी: 'सुरुवातीला ८४, भाषण संपताना ३१, अल्पोपाहाराला ११२.' पहिला अंक पाहून अध्यक्षांचा चेहरा पडला.

"नाखवा, हे असं छापतात का कुठे?"

"खोटं हाय काय?"

"खोटं नाही हो, पण..."

"मंग छापतात."

झालं. पुढच्या व्याख्यानमालेत वक्त्यांची भाषणं आपोआप लहान झाली. एक प्राध्यापक तर बोलता बोलता थांबले आणि मागे बघून विचारते झाले, "नाखवा, किती उरलेत?" नाखव्यांनी उत्तर दिलं, "सत्तेचाळीस. पन पंखा बंद हाय, तुमची चूक नाय." सभागृह हसलं. ते वाक्यही अंकात आलं.

सतरंज्यांचं प्रकरण त्यांनीच सुरू केलं. कार्यक्रम संपला की पदाधिकारी पाहुण्यांच्या गाडीपर्यंत जात आणि मागे सतरंज्या, खुर्च्या, कपबश्या तशाच पडून राहत. त्या उचलणारी माणसं नेहमीची चार-पाच. नाखवा शेवटची सतरंजी कपाटात जाईपर्यंत जागचे हलत नसत. मग त्या चार-पाच जणांची नावं, हळदीकुंकवानंतर भांडी घासणाऱ्या बायकांची नावं, माईक बंद पडल्यावर वायर धरून उभ्या राहिलेल्या वॉचमनचं नाव, सगळं पहिल्या पानावर. दोन-तीन अंक निघाले आणि उचलणाऱ्यांची संख्या वाढली. नंतर नंतर सतरंजीला हात लावायला जागा मिळेना. एकदा अध्यक्षांची नातवंडं पुण्याहून आली होती, त्यांच्यादेखत अध्यक्षही वाकले. अंकात छापून आलं, 'अध्यक्षांनी एक सतरंजी उचलली (लहान).' अध्यक्ष आठवडाभर रुसले आणि पुढच्या वेळी मोठी उचलली.

स्वतःचं नाव मात्र त्यांनी कधी छापलं नाही. संपादक म्हणूनसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मोजनारा सोताला मोजीत नाय." त्यामुळे मीही त्यांचं नाव इथे घालत नाही. ज्यांना ते माहीत आहेत त्यांना नावाची गरज नाही.

जे डोळ्यांसमोर घडलं नाही त्यासाठी त्यांचा एक ठरलेला शब्दप्रयोग होता, 'बोटीवरच हाय.' माल बोटीवर आहे म्हणतात, पण धक्क्यावर उतरलेला नाही, म्हणून वहीत नाही. नगरसेवकाने बागेचं आश्वासन दिलं, की नाखवा म्हणत, "बोटीवरच हाय." कोणाच्या मुलाचं लग्न जमतंय असं कानावर आलं, तरी तेच. एकदा आमच्या एका सभासदाने उत्साहाने सांगितलं की मुलाला अमेरिकेत नोकरी लागणार आहे, अंकात अभिनंदन छापा. नाखव्यांनी विचारलं, "गेला काय?" "नाही, पुढच्या महिन्यात." "मंग पुडच्या म्हयन्यात छापू." सभासद रागावला. मुलगा गेला नाही, तेव्हा तोच सभासद घरी येऊन नाखव्यांचे आभार मानून गेला.

लोकांना वाटेल, हा माणूस नुसता हटवादी होता. तसं नव्हतं. रक्तदान शिबिराचं सांगतो. आसपासची मंडळं शिबिराच्या बातमीत 'शंभराहून अधिक' असं लिहीत. आमचं शिबिर झालं त्या वर्षी नाखव्यांनी लिहिलं, सदुसष्ट. त्याखाली सदुसष्ट नावं आणि प्रत्येकापुढे रक्तगट. कार्यकारिणीत मी स्वतः विरोध केला होता. शेजारचे शंभर सांगत असताना आपण सदुसष्ट कशाला छापायचे, असं मी म्हटलं. नाखवा म्हणाले, "शंबर सांगून तेत्तीस बाटल्या तुमी देनार हाव काय?" पुढे चार-पाच महिन्यांनी आमच्याच सेक्टरमधली एक मुलगी बाळंतपणात अडली. तिला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. तिच्या सासऱ्यांनी घरात जपून ठेवलेला तो अंक काढला. यादीत तीन नावं होती. एक गावाला गेला होता, दोघं अर्ध्या तासात पोहोचले. ती मुलगी आज आमच्या महिला विभागाची प्रमुख आहे. मंडळाने काय केलं असं मला कोणी विचारलं, तर मी हे सांगतो. आणि सांगताना मला त्या सदुसष्ट आकड्याला केलेला विरोधही आठवतो.

कार्यकारिणीत काहीजण त्यांच्या बोलण्याला हसत. आम्ही बहुतेक मुंबई-पुण्याहून आलेले, कचेऱ्यांमधून निवृत्त झालेले. हाय-नाय करणाऱ्या माणसाने वार्तापत्र लिहावं, हे काहींना खटकत होतं. ज्यांना खटकलं नाही त्या बाई. बाई म्हणजे मंडळाच्या संस्थापक, प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आमचं वाचनालय आधी त्यांच्या घरातल्या एका कपाटात सुरू झालं होतं. दर महिन्याला नाखवा मजकूर घेऊन त्यांच्याकडे जात. बाई चष्मा लावून वाचत आणि फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारत. "वाक्य तुमचंच राहू दे, नाखवा. मी वेलांट्यांपुरती," असं म्हणत. त्या घरात दोघांचं बोलणं फार नसे. एक वाचायची, दुसरा चहा पीत बसायचा.

आता त्या अंकाकडे येतो.

मंडळाच्या वर्धापनदिनी बाईंचा सत्कार करायचं ठरलं. त्यांना ब्याऐंशीवं वर्ष लागलं होतं. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी. अध्यक्षांच्या मनात होतं की रविवारी सकाळी घरोघरच्या पेपरात घालून आपला अंक पोहोचावा, सत्काराच्या बातमीसकट. कुठल्या मंडळाने असं केलं नव्हतं. त्याच सुमारास नाखव्यांच्या पत्नीचं ऑपरेशन निघालं आणि ते दहा दिवसांसाठी मुंबईच्या इस्पितळात गेले. जाताना अंकाचा सगळा मजकूर मला देऊन गेले. पहिल्या पानावर उजवीकडचा रकाना रिकामा होता.

"सत्काराचं मी आल्यावर लिवीन. अंक सोमवारी निगाला तं चालंल," ते म्हणाले.

"अध्यक्षांना रविवारी हवाय."

"रविवारी सत्काराशिवाय निगंल मंग."

त्यांची मुंबईची एसटी सुटायची वेळ झाली होती, त्यामुळे ते बोलत बोलतच बाहेर पडले.

मी ज्या कंपनीत तीस वर्षं होतो, तिथे बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशी टाईप होऊन तयार असे. बैठकीत फक्त नावं तपासायची. मंडळात आल्यावरही मी तेच करत आलो. वर्तमानपत्रांना पाठवायच्या बातम्या मी कार्यक्रमाआधीच लिहून ठेवायचो. 'कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला' हे वाक्य लिहायला कार्यक्रम पार पडावा लागतो, असं मला कधी वाटलंच नाही. सगळ्या मंडळांचे सचिव असंच करत. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर मी गॅलरीत बसलो आणि तो रकाना भरला. अध्यक्षांची इच्छा हे कारण होतं, पण एवढंच नव्हतं. सहा वर्षं हा माणूस दरवेळी बरोबर ठरत होता, त्याचाही मला कंटाळा आला होता. एक अंक त्याच्याशिवाय झोकात काढून दाखवावा, असं मनात होतं. मी लिहिलं, 'सत्काराला उत्तर देताना बाईंना गहिवरून आले. हे मंडळ माझे दुसरे माहेर आहे, असे त्या भारावलेल्या स्वरात म्हणाल्या. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.'

जुन्या पनवेलातल्या छापखान्यात मी कागद स्वतः नेऊन दिला. शुक्रवारी गठ्ठे पेपरवाल्याकडे गेले. शनिवारी दुपारी साडेबारा वाजता बाई जेवणाच्या ताटावरच गेल्या.

आम्ही सगळे त्यांच्या घरी धावलो. कार्यक्रम रद्द झाल्याचा फळा मीच लिहिला. त्यासाठी आणलेले हार अंत्ययात्रेला वापरले. संध्याकाळी आम्ही स्मशानातून घरी आलो. या सगळ्यात अंकाचा मला विसर पडला होता. आठवण झाली ती रविवारी सकाळी, दाराशी पेपर पडल्याचा आवाज ऐकून. मी दार उघडलं. पेपरातून आमचा अंक अर्धा बाहेर आला होता आणि त्यावर बाईंचा फोटो होता.

बुधवारी कार्यकारिणीची बैठक झाली. नाखवा आदल्या दिवशीच मुंबईहून परतले होते. बाईंची लेक बैठकीला आली. ती बँकेत नोकरीला, शांत स्वभावाची. तिने अंक टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आई हे कधी बोलली? तुमच्यापैकी कोणी ऐकलं?" ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

अध्यक्षांनी अंक नाखव्यांपुढे सरकवला. "अंक तुमचा आहे. हे काय आहे? जाताना आगाऊ लिहून दिलंत?"

नाखव्यांनी तो रकाना ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या फाईलमधले कागद सारखे करत होतो. ते सारखेच होते.

"अंक माजा हाय," नाखवा म्हणाले.

"पण ही बातमी?"

"अंक माजा हाय म्हनलो नं."

त्यांनी वार्तापत्राचं काम सोडत असल्याचं सांगितलं आणि उठले. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही. मीही नाही. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझं होतं. मी लिहिलं, 'संपादकांच्या निष्काळजीपणामुळे घडलेल्या प्रकाराबद्दल मंडळ दिलगीर आहे.' ते वाक्य आजही वाचनालयाच्या कपाटात आहे. खाली माझी सही आहे.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. पत्नीची प्रकृती विचारली, चहा झाला. मग मी म्हटलं, "नाखवा, तुम्ही बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "धक्क्यावर पान अर्दं रायलं का खाली आडवी रेघ मारायची. नाय तं दुसऱ्या पाळीचा मानूस रिकामी जागा भरतो. मी जागा सोडून गेलो, रेघ नाय मारली. तेवडी चूक माजी."

"पण भरलं मी."

"ते तुमी बगा," ते म्हणाले आणि माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

मी बघितलं नाही. दर वर्षी सर्वसाधारण सभेला जाताना ठरवायचो की आज बोलायचं. कधी अध्यक्ष आजारी असत, कधी निवडणुकीवरून वाद असे. वार्तापत्र दुसऱ्यांकडे गेलं आणि पुन्हा अलोट गर्दी होऊ लागली. नाखवा कार्यक्रमांना येत राहिले, त्याच खांबाला टेकून बसत, वही नसे. लोक त्यांच्याशी आदराने बोलत, पण नवीन सभासदांना कोणी तरी हळूच सांगे, "यांनीच ती बातमी छापली होती." हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे आणि तेव्हाही मी गप्प राहिलो. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. शोकसभेत मी दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो, असं लोक म्हणाले. मुख्य गोष्ट त्या दहा मिनिटांत नव्हती.

गेल्या महिन्यात मी बाईंच्या लेकीकडे गेलो. ती आता निवृत्त झाली आहे, त्याच घरात राहते. खुर्चीवर बसायच्या आधीच मी सांगून टाकलं. ती बातमी माझी होती, नाखव्यांची नव्हती.

ती म्हणाली, "बसा, काका."

मग आत जाऊन एक लांबट वही घेऊन आली. त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात नाखवा तिच्याकडे आले होते. सलग तीन दुपारी ते तिथे बसले. बाई खरोखर काय बोलायच्या ते तिने, शेजाऱ्यांनी, बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. प्रत्येक वाक्यापुढे सांगणाऱ्याचं नाव. एके ठिकाणी त्यांनी स्वतः ऐकलेलं होतं, सत्काराच्या पंधरा दिवस आधीचं. बाई म्हणाल्या होत्या, 'शाल नको, नाखवा. वाचनालयाला एक पंखा घ्या म्हणावं. मुलं घामट हातांनी पुस्तकं खराब करतात.' पुढे नोंद होती, 'बाईंच्या गॅलरीत, मी समोर.'

"मी तेव्हाच विचारलं होतं त्यांना, ही बातमी तुम्ही का छापलीत?" ती म्हणाली. "ते म्हणाले, मी नाय लिवली. ज्यानं लिवली तो येईल सांगायला. मी अध्यक्षांकडे जाणार होते, पण त्यांनी जाऊ दिलं नाही. त्याचं त्याला सांगू दे, म्हणाले."

मी वहीचं पुढचं पान उलटलं.

"दोन-तीन वर्षं मी वाट पाहिली. मग सोडून दिलं." तिने वही मिटली. "आणि काका, आई गहिवरेल? सबंध शाळा घाबरायची तिला."

मी विचारलं, "आता मी काय करू?"

"छापा," ती म्हणाली. "आठवणी लिहा हव्या तर, त्यांच्याबद्दल अभिमान वाटतो ते लिहा, मलाही वाटतो. पण शेवटी दुरुस्ती टाका. मी सांगते तशी." मी खिशातून कागद काढला आणि तिने सांगितलं तसं लिहून घेतलं. एकही शब्द मी बदललेला नाही.

दुरुस्ती: आमच्या वर्धापनदिन अंकातील सत्काराची बातमी खोटी होती. तो सत्कार झाला नाही. बाई त्या दिवशी काहीही बोलल्या नाहीत. ती बातमी तेव्हाच्या सचिवांनी आदल्या बुधवारी आपल्या घरी बसून लिहिली. त्याबद्दल संपादकांना दोष देणारे इतिवृत्तही सचिवांनीच लिहिले. संपादक त्या दिवशी पनवेलात नव्हते.